स्वागताध्यक्षांचे भाषण



ज्या बंदराचे नाव ग्रीक दर्यावर्दी आपल्या 'पेरिप्लस'मध्ये नोंदवून गेला, ज्याच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत अद्याप वाचावयास मिळतात, त्या कल्याणनगरीत मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. १८५४ साली ठाण्याहून आगगाडी येथवर आली. परंतु आमचा खरा अभिमान १८६४ साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय हे होय. त्यानंतर वर्षभराने, ३१ मार्च १८६५ रोजी, याच गावी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून परतल्या आणि, कोल्हापुरास नेमणूक झालेली असतानाही, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच क्षयाने निवर्तल्या. श्वासाच्या व्याधीने हिरावलेल्या त्या कन्येच्या जन्मग्रामी, आपल्या या परिषदेत, श्वासाचाच, झोपेतल्या श्वासाचा, विचार व्हावा, हे मला अत्यंत उचित वाटते.

मी वैद्य नव्हे. परंतु घोरणाऱ्यास गाढ झोप लागली असे मानणाऱ्या आमच्या घरांत, घसा मिटून श्वास दहा सेकंद वा अधिक थांबतो, तेव्हा अंधारात कान देऊन बसलेली पत्नी खांदा हलवून तो परत आणते, आणि सकाळी तोच गृहस्थ जड डोक्याने, चिडल्या मनाने, लोकलमध्ये कडी धरून उभ्या उभ्या पेंगतो, हे मी पाहिले आहे. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९.५ टक्क्यांना झोपेत श्वास अडण्याचा हा विकार, तर ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची झोपाळू अवस्थाही आढळली. कामातील चुका, विसराळूपणा, दांपत्यातील दुरावा आणि गाडी चालविताना लागणारी डुलकी यांचा हिशेब कोणत्याच दप्तरी नसतो.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, त्याबद्दल मी क्षमा मागतो. निवासाची तजवीज कल्याण व डोंबिवली अशी विभागून करावी लागली. शिळफाट्याच्या कोंडीत काही प्रतिनिधींचा खोळंबा झाला. पाण्याचा बंदोबस्त काल रात्री उशिरा पुरा झाला. ज्या व्यापारी बंधूंनी मंडप व भोजनखर्च उचलला, ज्या डॉक्टरमंडळींनी स्वतःची घरे पाहुण्यांस मोकळी केली, ज्या महिलामंडळाने पहाटेपासून स्वयंपाकघर सांभाळले आणि ज्या विद्यार्थ्यांनी स्थानकावर उभे राहून आपणांस वाट दाखविली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. नावे न घेता आभार मानतो, कारण एखादे राहून गेले तर तो माझा कसूर ठरेल.

झोपेत श्वास अडण्याचा रक्तदाबाशी निकट संबंध आहे, म्हणून प्रतिनिधींना एवढीच विनंती की, रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णास, तो पुरुष असो वा स्त्री, झोपेविषयी अवश्य विचारावे, आणि शक्य असेल तेथे त्याच्या घरच्या माणसासही विचारावे.