कोंबडीचे वाण आणि मालकीचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासवर्गात जमीन, पाणी, भांडवल यांवर पुष्कळ बोलले जाते. आजचा विषय कोंबडी आहे असे कळताच मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. तिचा मला राग नाही. परंतु उत्पादनाचे साधन उत्पादकाच्या हातून कसे निसटते हे पाहायचे असेल, तर कोंबडीइतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

परसात कोंबड्या पाळणारी आपली शेतकरी स्त्री निवड करीतच आली आहे. जी खुडूक नीट बसते, घार दिसताच पिल्ले पंखाखाली घेते, तिची अंडी उबवायला ठेवायची आणि उरलेली बाजारात न्यायची. व्यापारी कुक्कुटपालनाची निवड याच्या नेमकी उलट चालली. कोंबडी खुडूक झाली की अंडी देणे थांबवते. म्हणून खुडूक होणे हा दोष ठरला आणि लेगहॉर्नसारख्या जातींतून तो पिढ्यान्‌पिढ्या वेचून काढला गेला. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आजची संकरित कोंबडी तीनशेच्या वर देते. मात्र ती स्वतः पिल्ले काढत नाही. ते काम यंत्राकडे गेले, आणि यंत्र ज्याचे त्याच्याकडे गेले.

या शास्त्राची पाळेमुळे मक्यात आहेत. अमेरिकेत संकरित मक्याचे बियाणे विकणाऱ्या हेन्री वॉलेस यांच्या कंपनीने १९३६ साली तीच पद्धत कोंबडीला लावली आणि त्यातून ‘हाय-लाइन’ निघाली. हे वॉलेस पुढे त्या देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. मांसाच्या कोंबडीचा इतिहास आणखी बोलका आहे. ए अँड पी या किराणा दुकानांच्या साखळीने ‘उद्याची कोंबडी’ नावाची स्पर्धा पुरस्कृत केली. तिच्या राष्ट्रीय अंतिम फेऱ्या १९४८ व १९५१ मध्ये झाल्या. स्पर्धकांनी अंडी पाठवायची, ती एकत्र उबवायची, सर्वांना सारखेच खाद्य घालायचे आणि शेवटी मांस तोलायचे. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश व न्यू हॅम्पशायर यांचा संकर विजयी ठरला. कोंबडी कशी असावी हे ठरवण्यात दुकानदार असा पुढे होता, हे ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष क्रिया पाहू. कोंबडा अंडी देत नाही. मग अंड्यांसाठी कोंबडा निवडायचा कसा? त्याच्या बहिणींच्या व मुलींच्या नोंदींवरून. म्हणून प्रत्येक पक्ष्याची वंशावळ लिहावी लागते, आणि अलीकडे रक्तातील जनुकेही तपासली जातात. दुसरी अडचण अशी की झपाट्याने वाढणे आणि भरपूर अंडी देणे हे दोन गुण एका पक्ष्यात सुखाने नांदत नाहीत. यास्तव वेगवेगळी शुद्ध घराणी राखली जातात. बापाकडची मांसासाठी, आईकडची अंड्यांसाठी. समजा अशी चार घराणी आहेत. पहिल्याचा नर व दुसऱ्याची मादी यांच्यापासून बाप निघतो. तिसऱ्याचा नर व चौथ्याची मादी यांच्यापासून आई. या दोघांचे पिल्लू शेतकऱ्याच्या शेडमध्ये येते.

खरी मेख येथेच आहे. कंपनी आजी-आजोबांची पिढी विकते, पण पहिल्या घराण्याचे फक्त नर आणि दुसऱ्याच्या फक्त माद्या. एकाच घराण्याची जोडी कधीच हाती पडत नाही. बरे, शेतकऱ्याने शेडमधल्या संकरित पक्ष्यांचीच पैदास करायची म्हटली, तर पुढच्या पिढीत गुण फाटतात. कोणी लहान, कोणी मोठा, एकसारखेपणा संपला. बियाण्यावर पेटंट घ्यावे लागते, येथे कुलूप निसर्गानेच घालून दिले आहे. किल्ली मात्र थोड्यांकडे आहे. व्हँट्रेस हे आडनाव आज ‘कॉब-व्हँट्रेस’मध्ये आहे, आणि ती टायसन या अमेरिकी मांस कंपनीच्या मालकीची आहे. ‘रॉस’ व ‘आर्बर एकर्स’ ही वाणे एव्हियाजेनची, आणि एव्हियाजेन एका जर्मन उद्योगसमूहाची.

यात शास्त्राचा पराक्रम नाही असे मी म्हणणार नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ व २००५ या सालांची वाणे एकाच खाद्यावर वाढवून पाहिली. छप्पन्न दिवसांनी त्यांची वजने अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम भरली. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन आले ते यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे. पण किंमत कोणी मोजली तेही पाहा. छातीचे मांस वाढले, पाय व हृदय मागे पडले. पक्षी लंगडतात, पोटात पाणी होऊन मरतात. ब्रॉयलरच्या आईबापांना तर जन्मभर मापून, भुकेले ठेवावे लागते. पोटभर घातले तर ती लठ्ठ होऊन अंडी देईनाशी होतात. जास्त खाण्यासाठीच घडवलेल्या जीवाला उपाशी ठेवणे ही या व्यवस्थेची स्वतःचीच विसंगती आहे. अंड्यांच्या वाणातील नर पिल्लू ना अंडी देते ना मांस धरते, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जाते. जर्मनीने २०२२ पासून त्यास कायद्याने बंदी केली.

आपल्याकडे या उद्योगाचे एक मोठे केंद्र पुणे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. ‘व्हेनकॉब’ हे तिच्या वाणाचे नाव खेड्यापाड्यांतल्या पोल्ट्रीवाल्याला पाठ असते. त्या नावातले ‘कॉब’ अमेरिकेतून आलेले आहे. आपला शेतकरी करारावर ब्रॉयलर वाढवतो तेव्हा पिल्लू, खाद्य व औषध कंपनीचे असते. शेड, वीज, तूस, रात्रीचे जागरण आणि बँकेचे कर्ज त्याचे. मोबदला ठरतो तो किलोला किती खाद्य लागले व किती पक्षी मेले यावर. पिल्लू कोणत्या घराण्याचे, किती वयाच्या कोंबडीच्या अंड्यातले, हे त्याला विचारता येत नाही. कमकुवत पिल्ले आली तरी मरतुक त्याच्याच खात्यावर पडते. आईबापांची पैदास ज्याच्या हाती, त्याने पिल्लाची जबाबदारीही घ्यावी, एवढा साधा मुद्दाही बहुतेक करारपत्रांत नसतो.

कोंबडीपैदास खासगी कंपन्यांनीच करावी असा काही निसर्गनियम नाही. हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेने ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ ही परसातील वाणे तयार केली; ती उष्टे-खरकटे, किडे खाऊन जगतात आणि गावरानपेक्षा अधिक अंडी देतात. तीही संकरित आहेत, पिल्ले पुन्हा केंद्रातूनच आणावी लागतात. पण केंद्र सार्वजनिक असेल तर तेथे जाब विचारता येतो. आपल्या तालुक्यात अशी पिल्ले किती व केव्हा मिळतात, पशुसंवर्धन खात्याची उबवणी केंद्रे चालू आहेत की बंद, आणि करारावर ब्रॉयलर वाढवणाऱ्यांच्या करारपत्रात पिल्लांच्या दर्जाबद्दल काय लिहिले आहे, याची माहिती पुढील वर्गाच्या आधी प्रत्येक शाखेने गोळा करून आणावी. करारपत्राची नक्कल मिळाली तर फारच उत्तम. पुष्कळ शेतकऱ्यांकडे ती दिलेलीच नसते.