न्हाणीतला विस्तव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मानोऱ्याच्या बाजूला जुनी घरं धाब्याची असत. मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. या धाब्याला एक भोक ठेवलेलं असे, त्याला साणं म्हणायचे. साण्यातून उजेड आत यायचा आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. कवाडाच्या फटीतून ताजी हवा येतच असे. विस्तवाला हवा यायला एक वाट लागते आणि जळलेली हवा जायला दुसरी, हे त्या घरात कुणी शिकवलेलं नव्हतं, पण पाळलं जायचं. अर्थात त्या घरांचे गोडवे मला गायचे नाहीत. धुरानं आमच्या आयाबायांच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय केलं ते मी पाहिलं आहे.

आता स्लॅबची घरं आली. सरकत्या काचेच्या खिडक्या आल्या, दारं घट्ट बसू लागली. विजेचा भरवसा नाही म्हणून न्हाणीत गॅसचा गिझर आला. धूर नाही, काजळी नाही, नळ सोडला की भक्कन निळी ज्योत पेटते आणि गरम पाणी सुरू! पण धूर दिसत नाही म्हणून विस्तवाची भूक कमी झालेली नसते.

थोडा हिशेब करू. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे बारा-तेरा हजार लिटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा लहान गिझर दहा मिनिटांत साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे दोन हजार लिटर हवा झाली. चार फूट बाय पाच फूट आणि सात फूट उंच अशा न्हाणीत हवा असते जेमतेम चार हजार लिटर. खिडकी बंद असेल, तर दहा मिनिटांत निम्मी हवा त्या ज्योतीतून जाऊन येते. घरात एकामागून एक चौघं आंघोळीला गेले, तर चौथ्याच्या वाट्याला काय उरतं?

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायला हवी हे कळतं, पण हात उठत नाही.

आमच्या ओळखीच्या एक बाई मला म्हणाल्या, "सर, पोरगी न्हाणीतून आली का रोज डोकं धरून बसते. चष्मा लागला असंल का?" मी न्हाणी पाहिली. थंडी लागते म्हणून खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं. गिझर बाहेरच्या भिंतीवर गेला आणि पोरीची डोकेदुखी थांबली. चष्मा लागला नाही.

गिझरपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती बाळंतिणीच्या शेगडीची. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावायच्या, फटीत कापड कोंबायचं आणि बाजेखाली निखारे ठेवायचे. निखारे धुरकट नसतात, म्हणून ते निर्धोक वाटतात. हा वायू मात्र निखाऱ्यांतून भरपूर निघतो, आणि त्या खोलीत काही दिवसांचं बाळ असतं. शेक जरूर द्या, पण दार उघडं ठेवून. शेक संपला की शेगडी अंगणात गेली पाहिजे.

हे फक्त खेड्यातलं अज्ञान आहे असं कुणी समजू नये. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातल्या दामन इथं केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. त्यांत चार मुलं होती, आणि आठहीजण गेले. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला 1902 साली पॅरिसमध्ये याच वायूनं गेले. त्यांच्या शयनगृहाचं धुराडं तुंबलेलं होतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या तळघरातली गॅसची भट्टी पाहिली असेल. तिचे नळ भिंतीबाहेर काढलेले असतात, आणि बर्फ पडला की त्यांची तोंडं मोकळी आहेत ना, हे बघावं लागतं.

तेव्हा गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्या. फक्त तो खिडकीच्या अगदी खाली नको, नाहीतर बाहेर टाकलेली हवा परत आत येते. मिस्त्री म्हणेल, "आतच लावू, पाइप वाचतो." त्याचं ऐकू नका. बाहेर जागाच नसेल, तर वर एक झरोका आणि दाराला खालून जाळी, दोन्ही हवं, आणि दोन्ही कायम उघडं. नुसता पंखा बसवून भागत नाही. आत येणारी वाट बंद असेल तर पंखा बाहेर ओढणार काय? धुराड्याचा गिझर असला, तर तो पंखा धुराड्यातली जळलेली हवाच उलटी खोलीत खेचू शकतो. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद करून बर्नर साफ करून घ्या. मात्र ज्योत निळी आहे म्हणून खिडकी लावायची मोकळीक मिळत नाही. बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा आणि मग आंघोळीला जा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

कुणी आत पडलंच, तर दार उघडून आधी त्याला मोकळ्यावर आणा, मग गॅस बंद करा. शुद्ध आली तरी दवाखान्यात न्याच, कारण खरं औषध प्राणवायू आहे. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा की गिझर चालू होता. करोनापासून घरोघरी आलेला बोटाचा चिमटा इथं फसवतो. हा वायू चिकटलेलं रक्त त्याला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखंच दिसतं, म्हणून तो 98 चा आकडा दाखवत राहतो.