रंग हे विधान असते



विद्याधर नगरातून पूर्वेकडे पाहिले की नाहरगडचे डोंगर दिसतात. त्यांचा क्वार्टझाइट हा खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाहून कितीतरी प्राचीन आहे. भूवैज्ञानिक नकाशावर हा भेद एका दृष्टिक्षेपात कळतो, कारण दोहोंचे रंग निराळे असतात. हे रंग प्रारंभी हातांनी भरले जात, आणि त्यांविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

इंग्लंडमधील विल्यम स्मिथ हा कालव्यांच्या कामावरील मोजणीदार. खोदाई पाहता पाहता त्याच्या ध्यानी आले, की थरांचा क्रम ठरलेला असतो आणि त्यांतील जीवाश्मांवरून थर ओळखता येतो. 1815 मध्ये त्याने आपला भव्य नकाशा प्रसिद्ध केला. रेषा ताम्रपटांवर कोरलेल्या होत्या. जलरंग मात्र प्रत्येक प्रतीत हाताने भरावे लागले. प्रत्येक थराच्या तळाची कड गडद, आणि तेथून रंग फिका होत गेलेला.

अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात मी या नकाशाला ‘रंगांनी सजविलेला’ म्हटले होते. चूक शब्दाची नव्हती, समजुतीची होती. ती गडद कड सांगते, की हा थर शेजारच्या थरावर विसावला आहे. कुंचला जरा सरकला, तर जमिनीखालचे विधानच बदलते. मी ‘सजविलेला’ खोडून ‘रंगांनी सांगितलेला’ असे लिहिले.

या कामाचे मोल स्मिथच्या पदरी लवकर पडले नाही. 1819 मध्ये कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले. 1820 मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीने ग्रीनो याचा नकाशा प्रसिद्ध केला. स्मिथला सोसायटीचे वुलस्टन पदक मिळाले ते 1831 मध्ये.

पुढे याच ग्रीनोने ब्रिटिश हिंदुस्थानचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा सिद्ध केला. त्यामागे इथे वावरलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या व डॉक्टरांच्या नोंदी होत्या. कर्नल साइक्सने त्याआधीच, 1833 मध्ये, दख्खनच्या कातळाचे वर्णन लंडनच्या विद्वानांपुढे ठेवले होते. ज्या पायऱ्यापायऱ्यांचे घाट आपण लहानपणापासून चढलो, त्यांना अशा रीतीने नकाशावर रंग लाभला.

रंग भरणाऱ्या त्या हातांपैकी बहुतेकांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे रेषेबाहेर न सांडता वाचकापर्यंत नेणे, हेच त्यांचे काम होते. अनुवादकाचे काम तरी याहून वेगळे काय असते?