मडकं कधी काढायचं?

आपल्याकडे ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, ते चिमणीएवढे रंगीत पक्षी म्हणजे खरं तर बजरीगर. निवृत्त झाल्यावर नातीच्या हट्टापायी मी त्यांची एक जोडी घरी आणली. तिला हवा होता पोपट. पण आपला रानातला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे मी तिला समजावून सांगितलं. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानं १८४०मध्ये तो जिवंत इंग्लंडला आणला आणि पुढे तो जगभरच्या पिंजऱ्यांत गेला.

नर-मादी ओळखायची खूण दुकानदारानं दाखवली. चोचीच्या वरची मांसल पट्टी निळी असेल तर बहुधा नर, तपकिरी असेल तर मादी. हिरव्या मादीचं नाव नातीनं ठेवलं पाचू, पिवळ्या नराचं हळद्या. पिंजऱ्यात तोंड बाजूला असलेलं मातीचं मडकं टांगलं, आत थोडा लाकडाचा भुसा घातला. हे पक्षी काड्या आणून घरटं बांधत नाहीत. रानात ते झाडाच्या ढोलीत अंडी घालतात.

पंधरवड्यानं पाचू मडक्यात शिरली ती बाहेर येईना. एक दिवसाआड एक अशी पाच अंडी झाली. हळद्या मडक्याच्या तोंडाशी बसून तिला आपल्या चोचीतून भरवायचा. अठराव्या दिवशी आतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि नातीनं सगळी आळी गोळा केली. पिल्लू म्हणजे काय? बोटाच्या पेराएवढा, डोळे मिटलेला, उघडा लालसर गोळा! अंडी पाठोपाठ उबतात, त्यामुळे थोरलं पिल्लू डोळे उघडतं तेव्हा धाकटं नुकतंच कवचाबाहेर आलेलं असतं. एक अंडं वाया गेलं. चारही पिल्लं महिन्याभरात पिसं लेवून बाहेर आली. राळा, मोड आलेली बाजरी, उकडलेलं अंडं, कोथिंबीर. आमच्या घरात माणसांपेक्षा पाखरांचा स्वयंपाक मोठा झाला.

इथवर सगळं गोड होतं. पाचू लगेच पुन्हा अंड्यांवर बसली. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी पिल्लांसाठी नंबर लावले होते. मलाही, खरं सांगतो, बढाई मारायला आवडत होतं. दुसऱ्या खेपेची पिल्लं पुरती बाहेरही पडली नव्हती, तोच तिसऱ्या खेपेची अंडी सुरू झाली. दोन अंडी झाली आणि एका सकाळी पाचू पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसलेली दिसली. शेपटी श्वासागणिक खालीवर होत होती. अंडं पोटात अडकलं होतं. दिव्याची ऊब दिली, डॉक्टरांकडे नेलं. दुपारी ती माझ्या ओंजळीतच गेली.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कवचासाठी लागणारा चुना ती आपल्या हाडांतून काढत होती. किती काढणार?" पिंजऱ्यात समुद्रफेस टांगायचा असतो, हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशात हे पक्षी पाऊस पडून गवताचं बी पिकलं की वीण काढतात. दुष्काळ आला की थांबतात. माझ्या पिंजऱ्यात मात्र दाणा रोज होता, पाणी रोज होतं, मडकं कायम टांगलेलं होतं. तिच्या लेखी पाऊस थांबलाच नव्हता. तो मी थांबवायला हवा होता.

मडक्यात उरलेली दोन पिल्लं हळद्यानं एकट्यानं वाढवली. त्यांतल्या एका मादीची आता वीण होते. ती वर्षाची झाल्यावरच मी मडकं टांगलं. पिंजऱ्यात समुद्रफेस कायम असतो. दोन विणी झाल्या आणि शेवटचं पिल्लू स्वतः दाणे टिपू लागलं, की मडकं उतरवतो, नर-मादी वेगळे ठेवतो आणि पुढचे सहा महिने विश्रांती.

पहिल्यांदा पाखरं वाढवणारे मला विचारतात, "मडकं कधी टांगायचं?" मी त्यांना आधी माळ्यावर पालथं घातलेलं आमचं मडकं दाखवतो आणि ते कधी काढायचं, ते सांगतो.