सील आहे, पण किल्ली कुणाकडे?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षेपाने)



२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झाला, अशी तक्रार घेऊन पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात कॅमेरे चालू होते. चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या; डिजिटल प्रतीसोबत लागणारं, पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला, तोवर पुढची निवडणूकही होऊन गेली होती! मूळ उपकरण हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच, असं न्यायालयाने ठरवलं. सगळे प्रयत्न करूनही ज्याला ते मिळत नाही, त्याला तेवढी सवलत दिली. वकील मंडळी हा निकाल प्रमाणपत्रासाठी वाचतात. मला त्याचा उत्तरार्ध मोलाचा वाटतो. डिजिटल पुरावा जपायचा कसा याचे नियम करा, असं न्यायालय तिथे सांगतं. न्यायाधीशांच्या एका समितीने २०१८ मध्येच त्यांचा मसुदा तयार केला होता.

मग १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यांतल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं की झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करा, शक्यतो मोबाइलवर, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) त्यासाठी ‘ई-साक्ष्य’ हे ॲप केलं. तपासी अंमलदार घटनास्थळी चित्रीकरण करतो, जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि फाइल सरकारी क्लाउडवर जाते. पोलीस ठाण्यातली मुद्देमालाची खोली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही केवढी सुधारणा आहे ते सांगायला नको. तिथे सीडीला बुरशी लागते, पेनड्राइव्ह सापडत नाही, आणि मुद्देमाल कारकुनाची बदली झाली की कुठलं पाकीट कुठल्या गुन्ह्यातलं हे ठरवण्यातच दिवस जातात.

जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्रात ‘हॅश’ आणला. फाइलवर गणिती प्रक्रिया करून अंक-अक्षरांची एक मालिका काढतात. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी मालिका बदलते. हे पाकिटावरचं लाखेचं सील समजा. सील तुटलं की कळतं. कुणी तोडलं ते कळत नाही. आणि क्लाउडवर तर सील न तोडताही आतलं पाहता येतं, कारण फाइल नुसती पाहिल्याने तिचा हॅश बदलत नाही.

केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला. त्या अत्याचाराच्या चित्रीकरणाचं मेमरी कार्ड पुरावा म्हणून न्यायालयाच्या ताब्यात होतं. आरोपीने त्याची प्रत मागितली. पीडितेच्या खासगीपणाचा विचार करून, प्रत मिळणार नाही, फक्त पाहता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. उत्तम निर्णय! पण पुढे न्यायवैद्यक तपासणीत अख्ख्या कार्डाचा हॅश बदललेला आढळला. ताब्यात असताना ते बेकायदा उघडलं गेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला चौकशीचा आदेश द्यावा लागला. विचार करा, पोलीस ठाण्यात नव्हे, न्यायालयाच्या ताब्यात! त्या बाईच्या दृष्टीने पुरावा अस्सल राहिला की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, कुणी पाहिलं?

आपल्या कायद्यात या पहिल्या प्रश्नाला जागा कुठे आहे? जप्त उपकरण कुणाकडून कुणाकडे गेलं, हे आता दोषारोपपत्रात लिहावं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ ची ही तरतूद चांगली आहे. पण ती उपकरणाची साखळी. क्लाउडवरची फाइल कुणी उघडली, कुणी उतरवून घेतली, याची नोंद बचावपक्षाला मिळालीच पाहिजे, असं संहितेत लिहिलेलं नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याकडे पाहावं, तर त्याच्या बहुतेक जबाबदाऱ्यांतून गुन्ह्याच्या तपासाला कलम १७ ने सूट दिली आहे.

स्कॉटलंडमध्ये २०२३ च्या जानेवारीत डंडी शहरात पोलिसांचा डिजिटल पुरावा क्लाउडवर ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. व्यवस्था ॲक्सॉन कंपनीची, साठवण मायक्रोसॉफ्टची. तिथल्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्यात पोलिसी माहितीसाठी स्वतंत्र भाग आहे आणि माहिती देशाबाहेर नेण्यावर अटी आहेत. बायोमेट्रिक्स आयुक्तांनी पोलिसांना रीतसर नोटीस देऊन जाब विचारला. माहिती देशातच राहील याची हमी देता येत नाही, असं मायक्रोसॉफ्टने कबूल केल्याचं पुढे उघड झालं. प्रयोग थांबला नाही. पण जाब विचारणारं पद कायद्याने होतं, म्हणून निदान लोकांना कळलं. आपल्याकडे साठा सरकारी आहे, एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण पुष्कळदा पुरावा पोलिसांच्याच विरुद्ध असतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रीकरण शक्यतो १८ महिने जपायला सांगितलं, ते कोठडीतल्या मारहाणीसाठी. त्या चित्रीकरणाची किल्ली त्याच ठाण्याकडे ठेवून कसं चालेल?

म्हणून माझी मागणी नियमांची नाही, कायद्याची आहे. नियम परिपत्रकाने बदलतात. साठा तपास यंत्रणेबाहेरच्या, न्यायालयाला उत्तरदायी असलेल्या अधिकाऱ्याकडे असावा. प्रत्येक पाहण्याची नोंद पुसता येणार नाही अशी राहावी, आणि ती आरोपीला व पीडितेला मागता यावी. आणि झडतीच्या चित्रीकरणात घर दिसतं, म्हातारी आई दिसते, मुलांच्या वह्या दिसतात. आरोपी निर्दोष सुटला, अपिलाची मुदत संपली, की ते कधी आणि कुणाच्या सहीने पुसायचं, हेही त्याच कायद्यात असावं.