सारा, मत आणि हिशेब
(फलटण येथील भाषणाचा गोषवारा)



१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्याच्या बहुतेक खेड्यांत मत मिळाले ते मुख्यतः ३२ रुपये साऱ्याची जमीन असणारास. अल्प जमिनीचा कुणबी व बिनजमिनीचा कुंभार, लोहार हे रयत खरे, पण मतदार नव्हेत! १९३५ च्या कायद्याने ती अट ८ रुपयांवर आणली. आपले फलटण तर १९४८ पर्यंत संस्थान. इलाख्याच्या कौन्सिलात आपला प्रतिनिधीच नसे. १९५० च्या घटनेने साऱ्याची अट पार मोडली.

अट गेली, पण कर गेला काय? आज साबणाची वडी घेणारी मजूर बाईही कर भरते. सप्टेंबर २०२५ मध्ये शेतीच्या ट्रॅक्टरावरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के, त्याच्या टायरांवरील १८ वरून ५ टक्के झाला. ती सूट आपल्या पावतीत उतरली काय, हे आपणच पाहिले पाहिजे.

सरपंच थेट निवडण्याचा कायदा २०१७ साली झाला, २०२० साली गेला, २०२२ साली परत आला. कायदा फिरो, वर्षातून किमान चार ग्रामसभांचा आपला हक्क कायम आहे. तेथे घरपट्टी-पाणीपट्टीचा जमाखर्च वाचावयास लावा. बायकांनाही बरोबर न्या. पूर्वी साऱ्यावाचून मत नव्हते. आता मत हाती असून हिशेब न विचारणे हा दोष आपलाच होय.