बालवीर संस्थेचे दिवाळे

मालेगावसारख्या सुताच्या आणि यंत्रमागांच्या गावी 'दिवाळे' या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावयास नको. सुताचे भाव कोसळले, उधारी वसूल झाली नाही, आणि देणेकऱ्यांच्या रांगेपुढे एखाद्या पेढीने हात वर केले, असे प्रसंग येथील जुन्या मंडळींच्या परिचयाचे आहेत. आज मला ज्या दिवाळ्याविषयी बोलावयाचे आहे, ते मात्र एका अगदी निराळ्या ऋणापायी निघाले. अमेरिकेतील बालवीरांच्या, म्हणजे बॉय स्काउटांच्या, राष्ट्रीय संस्थेचे हे दिवाळे होय. विषय अप्रिय आहे. घरोघरी मुलेमाणसे एकत्र बसून हे भाषण ऐकत असतील, याची जाणीव ठेवून मी शब्द जपून वापरीन. विषय मात्र टाळणार नाही. कारण तो टाळण्याच्या सवयीतूनच हा सर्व अनर्थ वाढत गेला.

बालवीरांची कल्पना बेडन-पॉवेल यांची. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिली छावणी भरविली, आणि १९१० साली अमेरिकेत ही संस्था स्थापन झाली. १९१६ मध्ये तेथील काँग्रेसने तिला खास सनद दिली. रानात तंबू ठोकावा, गाठी माराव्या, शेकोटी पेटवावी, वडीलधाऱ्या नायकाची आज्ञा पाळावी आणि दररोज एक तरी सत्कृत्य करावे, हा तिचा शिरस्ता. असंख्य आईबापांनी आपली मुले निःशंक मनाने तिच्या स्वाधीन केली. आणि पुष्कळ मुलांचे तेथे खरोखर भलेही झाले, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जवळजवळ प्रारंभापासूनच या संस्थेच्या कचेरीत एक गुप्त दप्तर ठेविले जात होते. ज्या स्वयंसेवकांना मुलांजवळ ठेवणे धोक्याचे, त्यांच्या नावांची ती नोंद होती. अशा माणसाने दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा पथकात शिरू नये, हा तिचा हेतू. आणि तो हेतू मुळात वाईट म्हणता येणार नाही. पण संस्थेला जे कळले ते पोलिसांना अनेकदा कळविले गेले नाही. आईबापांनाही सांगितले गेले नाही. संस्थेचे नाव राखले गेले. मूल मात्र आपल्या दुःखासह एकटे राहिले. पुढे संस्थेनेच नेमलेल्या एका संशोधिकेने १९४४ ते २०१६ पर्यंतची ही दप्तरे तपासली. त्यांत ७,८१९ संशयित आणि १२,२५४ पीडित मुले तिला आढळली. ज्यांची तक्रार कागदावर आली, तेवढीच ही संख्या.

ही झाकली मूठ न्यायालयांनी उघडली. २०१० साली ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात ज्यूरीने एका पीडिताच्या खटल्यात संस्थेवर एक कोटी पंच्याऐंशी लक्ष डॉलरांचा दंडात्मक भुर्दंड बसविला. त्याच खटल्यात पुराव्यादाखल आलेली, १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक दप्तरे २०१२ साली न्यायालयाच्या आदेशाने लोकांपुढे आली. नंतर २०१९ मध्ये न्यूयॉर्कसह काही राज्यांनी मुदतीचा कायदा बदलला आणि लहानपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांना जुने दावे लावण्याची मुभा दिली. पन्नाशी-साठी उलटलेले पुरुष, ज्यांनी आपल्या पत्नीपाशीही कधी तोंड उघडले नव्हते, ते न्यायालयाची पायरी चढू लागले.

तेव्हा १८ फेब्रुवारी २०२० रोजी संस्थेने डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे नादारीचा अर्ज केला. येथे श्रोत्यांना एक शंका येईल. संस्थेची मालमत्ता शंभर कोटी डॉलरांहून अधिक. मग तिला नादार कसे म्हणावे? याचे उत्तर असे की, अमेरिकन कायद्याच्या ज्या प्रकरणाखाली हा अर्ज होता, त्याचा उद्देश दुकानाला कुलूप लावणे हा नसून ऋणाची पुनर्रचना करून दुकान चालू ठेवणे हा असतो. अर्ज पडताच त्या संस्थेवरील सर्व दावे जागच्या जागी थांबतात. मग सर्व देणेकऱ्यांना ठराविक तारखेच्या आत हक्क सांगावा लागतो, एक निधी उभारला जातो, आणि त्यातून सर्वांना वाटा मिळतो. पहिल्या दहा जणांनी तिजोरी रिकामी करावी आणि अकराव्याने रिक्त हस्ताने परतावे, असे होऊ नये, हा या व्यवस्थेतील न्यायाचा भाग.

१६ नोव्हेंबर २०२० ही अंतिम तारीख ठरली. त्या दिवसापर्यंत आलेले अर्ज छाननी होऊन ब्याऐंशी हजारांवर भरले. दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर सुमारे २४६ कोटी डॉलरांची योजना न्यायाधीश लॉरी सेल्बर सिल्व्हरस्टीन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर केली, आणि १९ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली. त्यांतील मोठा वाटा विमा कंपन्यांचा. एकट्या हार्टफर्ड कंपनीचे ७८ कोटी ७० लक्ष डॉलर. स्थानिक मंडळांनीही भर घातली. संस्थेच्या संग्रहातील नॉर्मन रॉकवेल या प्रसिद्ध चित्रकाराची चित्रेसुद्धा निधीसाठी लिलावात निघाली. हसतमुख, निर्भय बालवीरांची ती चित्रे त्याच संस्थेच्या ऋणापायी विकली जावीत, याहून कडू उपरोध तो कोणता?

आता हिशेब करून पाहू. २४६ कोटी डॉलर ब्याऐंशी हजारांत समान वाटले, तर प्रत्येकी तीस हजार पडतात. वाटणी अर्थात समान नाही. कृत्याच्या गांभीर्यानुसार ३,५०० डॉलरांपासून २७ लक्षांपर्यंत दर ठरले आहेत. आणि ठरलेल्या रकमेचाही लहानसा अंशच प्रथम हाती पडला. बहुसंख्य पीडितांनी योजनेच्या बाजूने मत दिले. काहींनी मात्र कडवा विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा विचारार्ह होता. सुमारे अडीचशे स्थानिक मंडळे आणि विमा कंपन्या स्वतः नादार झाल्या नव्हत्या. तरी या योजनेने त्यांनाही भावी दाव्यांतून मुक्त केले. जो नादार नाही, त्याला दिवाळ्याचे कवच कशासाठी? २०२४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या प्रकरणात असली मुक्ती पीडितांच्या संमतीवाचून देता येत नाही, असा निर्णय दिला. परंतु बालवीरांची योजना त्यापूर्वीच अंमलात आली असल्याने मे २०२५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तिला धक्का लावला नाही. संस्था आता 'स्काउटिंग अमेरिका' हे नवे नाव घेऊन चालू आहे.

श्रोतेहो, सातासमुद्रापलीकडील ही कथा मी येथे का सांगितली? आपल्याकडील बालवीरांची संघटना स्वतंत्र आहे. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही. परंतु अनाथालये, वसतिगृहे, शाळा, आखाडे, शिकवण्या आपल्याकडेही आहेत, आणि 'संस्थेचे नाव जाईल' हे वाक्यही आपल्या परिचयाचे आहे. मुंबईत कुलाब्याच्या 'अँकरेज' या आश्रयगृहातील मुलांचे प्रकरण २००१ साली उघडकीस आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये आरोपींना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना सोडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षे! एवढ्या काळात लहान मूल तरुण होते.

त्यानंतर २०१२ चा 'पॉक्सो' कायदा आला. ज्याला असा अपराध कळला त्याने पोलिसांत वर्दी दिलीच पाहिजे, हे त्याने बंधनकारक केले. आपल्या हाताखालील माणसाचा अपराध लपविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, तेव्हा बभ्रा होईल ही सबबही उरत नाही. तथापि एक उणीव ध्यानात ठेवावी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे, सज्ञान झाल्यानंतर नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यास फार तर तीन वर्षांची सवलत मिळते. अमेरिकेतील त्या पुरुषांना वाचा फुटण्यास तीस-चाळीस वर्षे लागली. आपल्या मुलांना ती तीन वर्षांत फुटेल, असे मानण्यास काय आधार? कायदेपंडितांनी या प्रश्नाचा विचार अवश्य करावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल; घरी आणि संस्थेत करावयाचे काम आजचे आहे. मूल एखाद्या ठिकाणी जाण्यास अकस्मात नकार देऊ लागले, तर त्याला दटावण्यापूर्वी कारण विचारावे. कोणत्याही शिक्षकास वा नायकास मुलाशी बंद दाराआड एकांत मिळू नये, असा नियम प्रत्येक मंडळाने करावा. तक्रार आली तर ती कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात पुरून न ठेवता त्याच दिवशी पोलिसांकडे न्यावी. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावा.

व्यापारात ऋण वेळच्या वेळी फेडले तर व्याज थोडे पडते. लपविले तर ते चक्रवाढीने वाढते. त्या गुप्त दप्तरातील पहिले नाव ज्या दिवशी पोलिसांपासून दडविले गेले, त्याच दिवशी या दिवाळ्याचा पाया घातला गेला. विमा कंपन्यांनी आणि लिलावाने पैसा भरला. पण ब्याऐंशी हजार जणांचे बालपण कोणत्या निधीतून परत करावयाचे? ते ऋण फिटण्याजोगे नाही. म्हणून ते होऊच नये, एवढीच दक्षता आपल्या हाती आहे.